डिस्क इमेज प्रोसेसिंगला लावण्याआधी : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पुरावा म्हणून आलेल्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, कशी घ्यायची आणि राइट ब्लॉकर, म्हणजे मूळ डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं साधन, का लागतो यावर लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच जागी येऊन थांबतात, इमेज हातात आलीय पण प्रोसेसिंगला, म्हणजे टूलने आतल्या फायली उघडून वाचण्या-शोधण्याजोग्या करायला, टाकली की काहीतरी अडतंय. कुणाची मधेच बंद पडते, कुणाचे आकडे जुळत नाहीत, कुणाच्या फायलींच्या तारखा बदलल्यात. माझं यावर एकच म्हणणं आहे आणि ते आज जवळजवळ प्रत्येक उत्तरात येणार आहे. आत किती गेलं, बाहेर किती आलं आणि मधे काय राहिलं याचा ताळा लागलाच पाहिजे, आणि तो मांडायला सुरुवात करायची प्रोसेसिंगच्या आधी. नंतर मांडायला बसलं की लागत नाही, खरंच लागत नाही.

प्रश्न : ताई, २ टीबी डिस्कची ई०१ इमेज आलीय, २-२ जीबीचे तुकडे आहेत, कॉम्प्रेशन लावलेलं नाही असं लॉगमध्ये दिसतं. टूलला लावली की रात्रभर छान चालते आणि पाऊण भाग झाला की एरर येतो. दोनदा अगदी तसंच झालं. रॅम वाढवू की टूल बदलू?

उत्तर : दोन्ही नको. आधी इमेजचं फोल्डर उघडा आणि नावाप्रमाणे लावून सगळ्यात शेवटची फाइल कोणती ते बघा. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडतंय म्हणजे दोष मशीनमध्ये असण्यापेक्षा त्या तुकड्यांमध्ये असण्याची शक्यता जास्त आहे, आणि मला अंदाज आहे कुठे असेल.

ई०१ हा इमेज ठेवायचा एक फॉरमॅट, त्याच्या तुकड्यांची एक्स्टेंशनं ई०१, ई०२ करत ई९९ पर्यंत जातात हे सगळ्यांना माहीत असतं. पुढे ई१०० होत नाही, ईएए होतं, मग ईएबी, ईएसी करत ईझेडझेड. म्हणजे आधीचे ९९ आणि हे २६ गुणिले २६ म्हणजे ६७६, एकूण ७७५ तुकडे झाले की 'ई' हे अक्षरच संपतं आणि पुढचा तुकडा एफएए या नावाने सुरू होतो. आता तुमचं गणित करा, २ टीबी डिस्क, कॉम्प्रेशन नाही, २ जीबीचे तुकडे, म्हणजे साधारण ९३० ते १००० तुकडे हवेत. कॉपी करणाऱ्याने फिल्टर लावताना 'ई ने सुरू होणारी सगळी एक्स्टेंशनं' असा लावला असेल तर ७७५ तुकडे आले आणि एफवाले सगळे मागेच राहिले. पाऊण भाग झाल्यावर अडतं ते बहुतेक म्हणूनच. कधी कधी उलटंही होतं, कुणीतरी एफएए बघतं, ही कसली फाइल म्हणून बाजूला काढून ठेवतं.

तुकडे सगळे असले तरी तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी 'पुढे अजून आहे' अशी खूण असते, फक्त शेवटच्या तुकड्यात 'संपलं' अशी असते, त्यामुळे चांगलं टूल सुरुवातीलाच सांगू शकतं की शेपूट गायब आहे. पण सगळी टूल्स उघडतानाच तक्रार करतील असं धरून चालू नका. म्हणून प्रोसेसिंगच्या आधी व्हेरिफाय, म्हणजे अख्खी इमेज वाचून ती शाबूत आहे का ते तपासणं, चालवायचंच, एफटीके इमेजर या टूलमध्ये ती सोय आहे, कमांड लाइनवर काम करत असाल तर लिबईडब्ल्यूएफ या टूलसंचातलं ईडब्ल्यूएफ-व्हेरिफाय आहे. ई०१ मध्ये डेटा ठरावीक गठ्ठ्यांत ठेवलेला असतो, नेहमीच्या सेटिंगला ६४ सेक्टरचा म्हणजे ३२ केबीचा एक गठ्ठा, आणि प्रत्येक गठ्ठ्याचा स्वतःचा चेकसम, म्हणजे बिघाड ओळखायचा आकडा, असतो, त्यामुळे बिघाड नेमका कोणत्या सेक्टरच्या पट्ट्यात आहे तेही कळतं. मग सगळी इमेज परत मागवायची की एकच तुकडा परत कॉपी करून भागेल हे ठरवता येतं.

हे मी इतकं कळकळीने सांगतेय कारण मी एकदा हे केलं नव्हतं. एका कामात इमेज शुक्रवारी संध्याकाळी आली, सोमवारी सकाळी निकाल हवा होता, तुकड्यांची संख्या मोजली, बरोबर होती, लगेच लावली. एक तुकडा बाकीच्यांपेक्षा लहान होता, कुणीतरी कॉपी पूर्ण व्हायच्या आधी डिस्क काढली होती. साइजचा कॉलम नुसता डोळ्यांखालून घातला असता तरी दिसलं असतं, सगळे एका मापाचे आणि मधेच एक बुटका. दोन रात्री गेल्या आणि सोमवारी माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हापासून संख्या, साइज आणि व्हेरिफाय या तीन गोष्टी झाल्याशिवाय मी इमेज पुढे सरकवत नाही, समोर कोणीही उभं असलं तरी.

प्रश्न : इमेजसोबत आलेल्या लॉगमध्ये एक एमडी५ आहे. मी ई०१ फाइलचा एमडी५ काढला तर तो वेगळाच आला. पाठवणाऱ्यांना इमेज बदलली गेलीय असं कळवून टाकलं आणि आता वातावरण तापलंय. माझं चुकलं का?

उत्तर : हो, पण ही गल्लत फार जणांची होते. एमडी५ हा एक हॅश, म्हणजे डेटावरून काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा. लॉगमधला हॅश आहे तो डिस्कवरच्या डेटाचा, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत. तुम्ही काढलात तो त्या डब्याचा, म्हणजे ई०१ या फाइलचा, आणि तोही फक्त पहिल्या तुकड्याचा. डब्यात डेटाशिवाय हेडर असतं, केस नंबर असतो, प्रत्येक गठ्ठ्याचे चेकसम असतात, कॉम्प्रेशन असतं, त्यामुळे हे दोन आकडे जुळायचं कारणच नाही. तीच डिस्क कॉम्प्रेशन बदलून परत इमेज केली तर डब्यांचे हॅश वेगळे येतील आणि आतल्या डेटाचा तोच येईल. जुळवायचा तो व्हेरिफाय करताना टूल आतला डेटा उलगडून जो हॅश काढतं तो.

डब्याचा हॅश निरुपयोगी आहे असं मात्र नाही. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर तुकडे हलवताना प्रत्येक फाइलचा हॅश काढून यादी ठेवा, कॉपी नीट झाली की नाही ते त्यानेच कळतं. फक्त कोणता हॅश कशाचा ते यादीत शब्दांत लिहा. 'एमडी५' एवढंच लिहिलं की सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही. आणि जमलं तर सोबत एसएचए-२५६ हा दुसरा हॅश पण काढा, एमडी५ मध्ये मुद्दाम टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या फायलींचा एकच हॅश, घडवता येते हे २००४ पासून माहीत आहे आणि एसएचए-१ चंही २०१७ मध्ये तेच दाखवलं गेलं. पाठवणाऱ्यांना आजच साधं पत्र टाका, व्हेरिफायचा निकाल जोडा. मोकळेपणाने सांगितलं की माणसं समजून घेतात.

प्रश्न : अख्खी इमेज प्रोसेसिंगला द्यावी की आधी माउंट करून लागतील ती फोल्डर कॉपी करून द्यावीत? आम्ही दुसरं केलं तर सगळ्या फायलींची 'तयार झाल्याची' तारीख आजची झाली आणि काही फायली आल्याच नाहीत.

उत्तर : काम काय आहे त्यावर आहे हे. डिलीट केलेलं शोधायचंय, कोणी कधी काय चालवलं ते बघायचंय, तर अख्खी इमेज हवी, कारण तो माल रिकाम्या दिसणाऱ्या जागेत आणि सिस्टिमच्या नोंदींत असतो, फोल्डरमध्ये नसतो. पण फक्त कागदपत्रं आणि मेल वाचायला द्यायचेत तर विंडोजच्या हजारो फायली, पेजफाइल, हायबरफाइल (मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवलेल्या विंडोजच्या मोठ्या फायली) हे सगळं प्रोसेसरच्या गळ्यात कशाला घालायचं? त्यात दिवसच्या दिवस जातात. अशा वेळी लागणारा भाग वेगळा काढणंच शहाणपणाचं. फक्त एक्स्प्लोररमध्ये ओढून टाकून नाही, तसं केलं की बदल झाल्याची तारीख टिकते पण तयार झाल्याची तारीख कॉपीच्या क्षणाची होते, तुमचं झालं ते हेच.

सगळ्यात बरं म्हणजे फॉरेन्सिक टूलमधूनच निवडक फायलींची लॉजिकल इमेज करायची, एल०१ किंवा एडी१. त्यात मूळ पथ आणि तारखा डब्यात जशाच्या तशा बसतात. तुमचं प्रोसेसिंग टूल ते फॉरमॅट घेत नसेल तर इमेज रीड-ओन्ली माउंट करा, म्हणजे फक्त वाचता येईल अशी ड्राइव्हसारखी जोडा, आणि रोबोकॉपी हे विंडोजमधलं कॉपीचं टूल वापरा, ते फायलींच्या तारखा टिकवतं, फोल्डरच्या तारखांसाठी मात्र वेगळा पर्याय द्यावा लागतो. आणि एक सेटिंग आठवणीने बदला. एखादी फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी मुळात १० लाख वेळा परत प्रयत्न करतं आणि दर प्रयत्नानंतर ३० सेकंद थांबतं. म्हणजे एका खराब फाइलपाशी ते जवळजवळ वर्षभर उभं राहील, तुम्हाला वाटत राहील की कॉपी चालू आहे. प्रयत्न १ किंवा २ करा, थांबणं १ सेकंद करा, आणि लॉग फाइल घ्याच, ताळ्यासाठी तीच उपयोगी पडते.

न आलेल्या फायलींचं बोलू. लॉग बघा, पण माझी पहिली शंका पथाच्या लांबीवर आहे. विंडोजची जुनी मर्यादा २६० अक्षरांची, ड्राइव्हच्या नावापासून फाइलच्या एक्स्टेंशनपर्यंत सगळं धरून. मूळ मशीनवर पथ २४० चा होता आणि तुम्ही तो केस नंबर, माणसाचं नाव, डिस्क क्रमांक अशा चार फोल्डरच्या आत टाकला की ओलांडलीच मर्यादा. विंडोज १० मध्ये लांब पथ चालू करायचं सेटिंग २०१६ पासून आहे, पण प्रोग्रामला पण ते जमलं पाहिजे, सगळ्यांना जमत नाही. म्हणून काढून ठेवायची जागा ड्राइव्हच्या मुळाशीच ठेवा, एक-दोन अक्षरांचं फोल्डर, बास.

देवनागरी नावं असतील तर हे अजून लवकर टोचतं आणि आपल्याला हे कळायलाच हवं. 'क्षेत्र' हा शब्द आपण दोन अक्षरं म्हणून वाचतो, कॉम्प्युटर मात्र क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र असं सुटं सुटं मोजतो, झाले सात. डोळ्यांना छोटं दिसणारं फोल्डरचं नाव प्रत्यक्षात लांबलचक असतं. लिनक्सवर काढत असाल तर अजून एक गोष्ट, तिथे ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर एका नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमवर १५० चिन्हांचं मराठी नाव सुखाने राहतं, तेच तुमच्या लिनक्स मशीनवर उतरतच नाही. अशा फायलींची नावं हाताने कापू नका, लॉजिकल इमेजमध्येच राहू द्या, नाहीतर छोटं क्रमांकाचं नाव देऊन मूळ नाव यादीत जसंच्या तसं ठेवा.

प्रश्न : झिपमध्ये झिप, त्यात आरएआर, त्यात मेलची पीएसटी आणि त्या मेलला परत झिप जोडलेली. आधी सगळं हाताने सोडवून ठेवू का? काहींना पासवर्ड पण आहे.

उत्तर : हाताने सोडवू नका. सोडवलेली फाइल कोणत्या डब्यातून आली हे नातं तुटतं आणि नंतर कोणी विचारलं की ही फाइल कोणत्या मेलला जोडलेली होती, तर सांगता येत नाही. प्रोसेसिंग टूल आत आत जाऊन हेच करतं आणि नातं पण ठेवतं. तुमचं काम फक्त ते जिथे अडणार आहे तेवढं आधी हुडकून ठेवणं.

म्हणजे काय, तर एक म्हणजे तुकड्यांतले आर्काइव्ह, पार्ट१, पार्ट२ किंवा झेड०१, झेड०२ असे, ते सगळे एकाच फोल्डरमध्ये आहेत ना ते बघा, एक तुकडा दुसऱ्याच्या मशीनवर राहिलेला असतो. पासवर्डवाल्यांची वेगळी यादी करा. झिपमध्ये पासवर्ड असला तरी आतल्या फायलींची नावं सहसा दिसतात, सेव्हन-झिप आणि आरएआर मध्ये नावंही लपवता येतात, त्यामुळे 'काय आहे माहीत नाही' असाही एक रकाना ठेवा. पासवर्ड बरेचदा त्याच माणसाच्या दुसऱ्या मेलमध्ये सापडतात, म्हणून पहिली फेरी पासवर्डशिवाय चालवायची, सापडतील तसे जमवायचे आणि फक्त राहिलेल्यांची दुसरी फेरी करायची. पहिल्या फेरीला अडून बसू नका.

अँटिव्हायरसचं ऐका, हे फार महत्त्वाचं आहे. आर्काइव्ह उघडली जात असताना अँटिव्हायरस मागे चालू असेल तर संशयास्पद फाइल दिसली की तो ती उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो, तुमच्या टूलला फक्त 'फाइल सापडली नाही' एवढं दिसतं. पुरावा नाहीसा होतो आणि एरर भलत्याच दिशेला बोट दाखवतो. प्रोसेसिंगचं मशीन नेटवर्कपासून वेगळं ठेवा आणि कामाचं फोल्डर स्कॅनमधून वगळा, स्कॅन करायचाच तर वेगळ्या कॉपीवर आणि फक्त अहवाल देणारा. आत आत किती पातळ्या जायच्या याला मर्यादा पण घाला, ४२.झिप नावाची प्रसिद्ध फाइल आहे, ४२ केबीची, पूर्ण उघडली तर ४.५ पेटाबाइट होते.

पीएसटी ही आउटलुकची मेल साठवायची फाइल, ती आउटलुकमध्ये उघडून 'जरा बघू' असं कधीच करू नका, नुसती उघडली तरी फाइल बदलते आणि हॅश बदलतो. खराब असेल तर दुरुस्ती फक्त कॉपीवर करायची आणि दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही हॅश ठेवायचे. मोठ्या पीएसटी रांगेत पहिल्या लावा, त्या शेवटी आल्या तर बाकी सगळं संपून एकच फाइल तासन्‌तास दळत बसते.

जुन्या झिपमधली मराठी नावं चौकोन आणि चित्रविचित्र खुणा होऊन आली तर घाबरू नका. झिपमध्ये नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असं सांगणारी एक खूण असते, जुन्या प्रोग्रामनी ती लावलेली नसते, मग उघडणारा आपल्या अंदाजाने वाचतो. काढताना एन्कोडिंग निवडून बघा, नाव हाताने टाइप करून 'दुरुस्त' करू नका.

प्रश्न : इमेजमध्ये १४ लाख फायली दिसत होत्या, वाचायला दिल्या तेव्हा ९० हजार उरल्या. साहेब विचारतात बाकीच्या कुठे गेल्या, मला नीट सांगता येत नाही.

उत्तर : साहेबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. ९० हजार बरोबर असू शकतात, पण १४ लाखांतून तिथपर्यंतचा प्रत्येक टप्पा आकड्यांत लिहिलेला हवा. सापडल्या इतक्या, ओळखीच्या सॉफ्टवेअरच्या म्हणून वगळल्या इतक्या, डुप्लिकेट इतक्या, तारखेच्या किंवा प्रकाराच्या फिल्टरने गेल्या इतक्या, उघडल्याच नाहीत इतक्या, आणि वाचायला इतक्या. बेरीज पहिल्या आकड्याइतकी आली पाहिजे. आली नाही तर पुढे जायचं नाही.

मोजताना कुठे गोंधळ होतो ते सांगते. सापडल्याचा आकडाच मुळात दोन ठिकाणी वेगळा असतो, फाइल सिस्टिम झिपला एक मोजते आणि टूल आतल्या प्रत्येकाला मोजतं. वर्ड आणि एक्सेलच्या नव्या फायली आतून झिपच असतात, काही टूल्स सेटिंगप्रमाणे त्यातले तुकडेही मोजतात आणि आकडा फुगतो. म्हणून डब्यांची आणि डब्यांतल्यांची मोजणी वेगळी ठेवा.

ओळखीच्या फायली वगळायला निस्ट या अमेरिकी संस्थेची एनएसआरएल यादी, म्हणजे माहीत असलेल्या सॉफ्टवेअरच्या फायलींच्या हॅशची यादी, वापरतात. त्या यादीत असणं म्हणजे फाइल 'ओळखीची', 'चांगली' असं नाही, हॅकिंगची साधनंही त्यात आहेत. तुमचा विषयच मुळी कोणी कोणतं सॉफ्टवेअर वापरलं हा असेल तर ही गाळणी लावूच नका. डुप्लिकेटच्या बाबतीत, शून्य बाइटच्या सगळ्या फायलींचा एमडी५ एकच येतो, डी४१डी८ ने सुरू होणारा, तो यादीत परत परत दिसला तर ती सगळी रिकामी पाकिटं आहेत. पण ती इमेजमध्येच रिकामी होती की तुमच्या कॉपीत झाली हे मूळ साइजशी ताडून बघा, मी दोन्ही पाहिलंय. मेलचं डुप्लिकेट सहसा फाइलच्या बाइटवरून काढत नाहीत, पाठवणारा, घेणारे, विषय, वेळ, मजकूर, जोडण्या यांच्यावरून काढतात, आणि एका टूलचा हिशोब दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. म्हणून काम अर्ध्यावर असताना टूल बदलायचं नाही.

न उघडलेल्यांचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे नुसता आकडा नको, कारण हवं, पासवर्ड, खराब, अनोळखी प्रकार, शून्य बाइट. वाचणाऱ्या माणसाला कळलं पाहिजे की त्याच्यासमोर काय आलेलं नाही.

प्रश्न : एकाच मेमरी कार्डवरच्या आणि लॅपटॉपवरच्या त्याच फायलींच्या वेळेत काही तासांचा फरक दिसतो. कोणी छेडछाड केली असेल का?

उत्तर : लगेच तसं म्हणू नका. एनटीएफएस तारीख यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या एकाच प्रमाणवेळेत, ठेवतं, फॅट३२ वाली कार्डं स्थानिक वेळ ठेवतात आणि टाइमझोन ठेवतच नाहीत. झिपची मूळ तारीखही तशीच, स्थानिक, आणि २ सेकंदांच्या टप्प्यांत, त्यामुळे एका सेकंदाचा फरक तर सहज दिसतो. प्रोसेसिंग सुरू करताना एकच टाइमझोन ठरवा, बहुतेक वेळा यूटीसी, आणि मूळ मशीनचा टाइमझोन इमेजमधल्या रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातून) वाचून शेजारी लिहून ठेवा. मग फरक टाइमझोनएवढाच आहे का ते बघा. तेवढाच असेल तर विषय संपला.

प्रश्न : जागा आणि वेळ किती धरायचा? दर वेळी कमीच पडतं.

उत्तर : मी स्वतः इमेजच्या आतल्या पूर्ण डेटाच्या तिप्पट जागा मोकळी असल्याशिवाय सुरू करत नाही, आणि हे इमेजच्या फाइल साइजवरून नाही, उलगडल्यावर जेवढा होईल त्यावरून. ज्या डिस्कवर घेताय ती फॅट३२ नाही ना बघा, ४ जीबीची फाइल तिथे बसत नाही. वेळेचं म्हणाल तर गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, २ टीबी हलवायलाच ५ तास गेले, आणि व्हेरिफाय म्हणजे तेवढं सगळं परत एकदा वाचणं. तो वेळ वेळापत्रकात पहिल्याच ओळीत लिहा आणि वरच्यांना दाखवा. आणि इमेज बिटलॉकरवाल्या, म्हणजे विंडोजने कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केलेल्या, डिस्कची असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हातात आल्याशिवाय हे तास मोजायला सुरुवात करू नका, ती की मागायचं पत्र मात्र इमेज आली त्याच दिवशी गेलं पाहिजे.